चोवीस डावे डूल

आई आधी सगळे डावे डूल करायची. चोवीस जोड करायचे असले तर चोवीस डावे, आणि ते संपले की चोवीस उजवे. हाताला एका दिशेची सवय लागली की ती मोडू नये, एक डावा एक उजवा करत बसलं तर दोन्ही बिघडतात, असं तिचं म्हणणं. बाबा तिला चिडवायचे, "आणि मधेच कोणी एका कानाचं गिऱ्हाईक आलं तर?" ती मान वर न करता म्हणायची, "त्याला अर्ध्या भावात देईन."

ती गेली त्या मंगळवारी सकाळी डावे संपले होते. चोविसावा फळीवर ठेवून ती पाणी प्यायला उठली, ओट्यापाशी खाली बसली, आणि तेवढंच. मी पोचले तेव्हा फळीवर चोवीस डावे डूल सहाच्या चार ओळींत मांडलेले होते. उजवा एकही नव्हता.

मी दोन आठवड्यांची रजा काढून आले होते. दुसऱ्या शहरात एका कोशाच्या कचेरीत मी मुद्रितं तपासते. खिडकीशी माझं टेबल आहे, तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली आहे, आणि गेली अकरा वर्षं या दोन्ही गोष्टी मला पुरल्या आहेत. दोनाचे चार आठवडे झाले, चाराचे सहा. रोज जायचा विषय निघाला की बाबा फळीकडे बघायचे आणि म्हणायचे, "उजवे तेवढे करून टाक, मग जा. तिने बाजारातल्या दुकानाला शब्द दिलाय."

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं की एक तारखेला टेबलावर माणूस दिसला नाही तर दुसरा बसवावा लागेल. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी दोनदा रजा वाढवून दिली होती.

तेव्हा हिशोब सोपा होता. चोवीस उजवे, आणि मी मोकळी.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे जळलेल्या मोटारी उघडून नव्या तारेने भरल्या. पंपाच्या, पंख्यांच्या, पिठाच्या चक्क्यांच्या. सहा वर्षांपूर्वी ते थांबले आणि त्यांचं टेबल आईने घेतलं. सुरुवात तिने त्यांच्याच उरलेल्या तांब्याच्या तारेवर केली. शेजारणीच्या मुलीला एक जोड दिला, त्या मुलीच्या मैत्रिणीने पैसे देऊन मागितला, आणि वर्षभरात बाबा तिला कारखानदार म्हणायला लागले. "कारखानदारांना वेळ असेल तर चहा मिळेल का?" असं.

टेबल भिंतीत ठोकलेलं आहे आणि खुर्ची आणि मागचं कपाट यांत जेमतेम वीतभर जागा. बाबांना आत-बाहेर करायचं असलं की मला पोट टेबलाला लावून बसावं लागे. शटर अर्धंच वर जातं. त्याखालून रस्त्यावरच्या लोकांचे गुडघ्यापर्यंतचे पाय दिसतात. खोलीला अजून वार्निशचा वास आहे. सात आठवडे मी त्या खुर्चीत बसले. आईची उंची माझ्याहून कमी, त्यामुळे तिची खुर्ची माझ्या कमरेला कधीच बरोबर वाटली नाही. ती बदलायचं मात्र सुचलं नाही.

आईचा डूल एकाच तारेचा असे. वरचं हूक, खाली एक कडी, आणि मग तीन वेढ्यांचं सपाट वेटोळं. कुठे जोड नाही, डाग नाही. दिसायला दोन मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी माझ्याकडून एकही झाला नाही.

"मुळात तार चुकली तुझी," बाबा म्हणाले. भिंतीवर खिळ्यांना वीस-पंचवीस गुंडाळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांतली सगळ्यात चकचकीत मी काढली होती. "चकाकीवर काय जातेस, मास्तरीणबाई? ती कडक आहे, हूक धरेल पण वेटोळं घेणार नाही, उसळून परत येईल. आणि ती पलीकडची तांब्याची, ती इतकी मऊ की वेटोळं सुरेख घेईल आणि हूक पहिल्याच दिवशी सरळ होऊन डूल गटारात."

लोकांच्या चुका काढायची नोकरी, म्हणून मी मास्तरीण. हे नाव मला शाळेपासून आहे.

"मग कोणती?"

"मधली. पितळेची, अर्धी कडक. वीस नंबर."

नंबर वाढत गेला की तार बारीक होत जाते, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते उलटं वाटलं. "उलटं नाही. तार एकेका भोकातून ओढून बारीक करतात. जितक्यांदा ओढली तितका नंबर." मग खिशातून हात न काढता ते म्हणाले, "उजवीकडून चौथा खिळा."

ते पक्कड हातात घेत नसत. बाजूला स्टुलावर बसून तोंडाने शिकवत. पक्कडीच्या दातांचे वळ तारेवर उमटतात म्हणून चोचीला कागदी पट्टी गुंडाळ. कटरची सपाट बाजू डुलाकडे ठेव, टोकदार बाजू वाया जाणाऱ्या तुकड्याकडे. टोक कानशीने घास आणि आधी स्वतःच्या ओठावरून फिरवून बघ. ओठाला लागलं तर कानाला लागणारच. हूक पेनाच्या टोपणाभोवती वळव, डोळ्याच्या अंदाजाने नको. हे सगळं ते इतकं नीट सांगायचे की एकदा मी म्हणाले, "तुम्हीच का नाही करत? दोन दिवसांत होतील."

"बायकांच्या कानातलं मी करू?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मोटारी भरल्या मी."

मला ते पटलं. त्यांचा स्वभाव तसाच आहे असं मी धरून चालले.

कामाचं खरं कठीण वेगळंच होतं. मला डावे नव्हे, उजवे करायचे होते. समोर आईचा डूल ठेवायचा आणि प्रत्येक ठिकाणी तिने जे केलं त्याच्या उलट करायचं. तिचा वेढा आत वळतो तिथे माझा बाहेर. आणि एवढं उलट करून शेवटी ते तिच्यासारखंच दिसलं पाहिजे. चुकलं तर परत सरळ करता येत नसे. सरळ केलेली तार पहिल्यापेक्षा कडक होते, दुसऱ्यांदा आणखी, आणि तिसऱ्या वेळेला पट्‌कन तुटते. एकदा मी बोलून गेले की तारेला आपण कुठे वाकलो ते आठवत असावं. बाबा म्हणाले, "तारेला काही आठवत नसतं. ती कडक होते, बाकी काही नाही."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिला उजवा फळीवर गेला. आईच्या डुलाच्या शेजारी तो ठेवला आणि मला आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ दार लावून बसावं लागलं. बाहेर आले तेव्हा बाबांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "डोळे दुखतात." ते म्हणाले, "हिचेही दुखायचे."

नऊ झाले आणि चौथ्या खिळ्यावरची गुंडाळी संपली.

मग मी मुख्य रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पितळेच्या तारेचं छोटं पाकीट आणलं. त्यावर ठळक अक्षरात वीस छापलेलं होतं. घरी आल्यावर बाबांकडे दिलं. त्यांनी तार अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पुढेमागे फिरवली. लहानपणी हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. डोळे मिटून, नुसत्या चिमटीत धरून ते अर्ध्या नंबरचा फरक सांगायचे, आणि दुकानात आलेली माणसं पैजा लावायची. माप बघायची खाचांची चकती भिंतीवर होती, पण ती शिकाऊ लोकांसाठी.

"हीच," ते म्हणाले.

नवीन तारेवर काम सुटसुटीत झालं. वेढे आपसूक पडत होते, पक्कड दाबायला जोर लागत नव्हता, दिवसाला तीन-तीन व्हायला लागले. वेटोळं तेवढं किंचित लहान भरायचं, म्हणून मी पाव वेढा जास्त देत होते. त्याचं मला विशेष वाटलं नाही. मला वाटलं, हात बसला. मावशीचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं.

"बघ," मावशी म्हणाली, "सुट्टीला आलीस की आई शिकवायला जंग जंग पछाडायची, तेव्हा पुस्तकातून डोकं वर काढलं नाहीस. आता बसलीस की नाही?"

"एक तारखेपर्यंतच, मावशी."

"हो गं. तुझी आईही एवढं संपलं की झोपते म्हणायची. सहा वर्षं म्हणत होती."

पंधरा डूल पाच दिवसांत झाले. सत्तावीस तारखेला मी चोवीस जोड डब्यात भरले, बॅग उतरवून पलंगावर ठेवली, आणि डबा घेऊन बाजारातल्या दुकानात गेले.

दुकानाच्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात घातलेल्या. आई गेल्यावर भेटायला आल्या तेव्हा त्या फार बोलल्या नव्हत्या. नुसता बाबांना नमस्कार करून तासभर बसल्या होत्या. त्यांनी डबा उघडला आणि एकेक जोड पुठ्ठ्याच्या कार्डाला लावायला सुरुवात केली. नऊ कार्डं झाली. दहाव्याला त्या थांबल्या. डावा एका तळहातावर घेतला, उजवा दुसऱ्या. मग दोन्ही हूक चिमटीत धरून हलकेच दाबले.

"हा दबतोय," त्या म्हणाल्या. "तार बदललीत का?"

"नाही. वीसच आहे."

"नंबर मला कळत नाही बाई. पण हा हलका आहे. एका कानाला जड आणि एका कानाला हलकं, असं बाईमाणसाला दहा मिनिटांत कळतं." त्यांनी उरलेले पाहिले. "नऊ ठेवते. हे पंधरा घेऊन जा."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी पटकन माझ्या मनगटावर हात ठेवला. "काम सुरेख आहे हो. आईचाच हात. आणि घाई काही नाही, तुम्ही आहातच ना आता."

रस्त्याने येताना मी नंबराचाच विचार करत होते. आकडा छापलेला असला की मी तो खरा धरते. दुसऱ्याच्या मजकुरात शंका घ्यायची हे माझं काम, आणि इथे मी एक आकडा वाचून पुढे गेले होते.

बाबा आत दुपारचे आडवे झाले होते. त्यांच्या खणात मायक्रोमीटर होता. आईचा डूल धरला तर शून्य पूर्णांक एक्याण्णव मिलिमीटर. माझा, एक्याऐंशी. कपाटात बाबांचं जुनं कोष्टकांचं पुस्तक सापडलं. तारेचे नंबर मोजायच्या दोन पद्धती आहेत, असं त्यात होतं. बाबा ज्या पद्धतीत वाढले तीत वीस नंबर म्हणजे एक्याण्णव. दुसरीत तोच वीस म्हणजे एक्याऐंशी. पाकीट दुसऱ्या पद्धतीचं होतं.

नवशिक्या माणसाची ही चूक समजू शकते. मी नवशिकी होते. पण ती तार माझ्याआधी बाबांच्या चिमटीतून गेली होती.

ते उठून बाहेर आले तेव्हा मी दोन तुकडे कापून ठेवले होते. एक एक त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"यातली जाड कोणती?"

"हे काय, परीक्षा का मास्तरीणबाई?"

"सांगा ना."

त्यांनी चिमटीत फिरवून पाहिले. मग, मी बघत नाही असं समजून, तुकडे थोडे वर, शटरखालून येणाऱ्या उजेडाकडे नेले. ते डोळ्यांनी बघत होते. आजवर मी त्यांना तार डोळ्यांनी बघताना पाहिलं नव्हतं.

"ही," ते म्हणाले, आणि बारीक तार पुढे केली.

मी ती घेतली. बाहेरून एक हातगाडी गेली, तिची चाकं आम्हाला दिसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली तीनेक वर्षं. आधी टोकं, मग अर्धी बोटं. साखरेमुळे होतं, डॉक्टर म्हणाले."

"आईला माहीत होतं?"

"तिनेच तर मला सांगितलं. मला कुठे कळत होतं?" ते किंचित हसले. "तवा धरला होता मी. ती म्हणाली, अहो, तुमचा हात जळतोय. वास तिला आला."

स्वयंपाकघरात सगळ्या भांड्यांच्या दांड्यांना जाड कापड शिवलेलं होतं. सात आठवडे मी ते कापड धुऊन परत चढवत होते. आईला असल्या गोष्टींची हौस, असं मला वाटलं होतं. बाबांचे सगळे सदरे डोक्यावरून घालायचे होते, बटण एकालाही नव्हतं. हेही मी रोज वाळत घालताना बघत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"कशाला? तू जाणार होतीस."

"आणि मी गेल्यावर?"

"गेल्यावर काय. हे झाले की जा तू." त्यांनी परतीच्या डब्याकडे हनुवटीने दाखवलं. "पंधरा राहिले ना? ते करून टाक, मग जा."

मी त्यांना माझ्याकडे चला म्हणाले. दोनदा म्हणाले. पहिल्या वेळी ते म्हणाले, "तीन जिने." दुसऱ्या वेळी म्हणाले, "तिथे तू दिवसभर कचेरीत. मग मी इथे एकटा काय आणि तिथे एकटा काय. इथे निदान दिव्याचं बटण कुठे आहे ते माहितेय." मावशीचे गुडघे तिलाच उभं राहू देत नाहीत. भाऊ-बहीण मला नाही. मनातल्या मनात मी सगळी दारं ढकलून पाहिली, आणि खरं सांगायचं तर एखादं तरी उघडं सापडावं म्हणूनच पाहिली. मला जायचं होतं. माझ्या खिडकीशी बसून परक्या माणसांच्या चुका काढायच्या होत्या. आई असती तर तिच्यावर रागावता आलं असतं की तू मला हे लिहून का नाही कळवलंस. ती नव्हती, आणि बाबांवर रागवायचं तर ते स्टुलावर बसून दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवून बोटांकडे बघत होते, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे आणखी किती?" मी म्हणाले की आता किती ते सांगता येत नाही, तेव्हा तुम्ही माणूस बसवा. ते म्हणाले, टेबलाच्या खणात तुमची छत्री आणि चष्मा आहे, पाठवून देऊ का? मी पत्ता सांगितला. पत्ता सांगताना आवाज नीट होता.

मग मायक्रोमीटर पिशवीत टाकून मी बाजारात गेले. या वेळी पाकिटं बघितली नाहीत. तारेच्या घाऊक दुकानात जाऊन सांगितलं, पितळ, अर्धी कडक, एक्याण्णव. दुकानदाराने नंबर विचारला. म्हटलं, नंबर राहू द्या. त्याने तीन बंडलं काढली. तिन्ही मी मोजली, तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. तिसरं बरोबर निघालं.

"किती हवी? मीटरवर देतो."

पंधरा डुलांना सव्वादोन मीटर पुरली असती. अडीच घेतली असती तर चुकण्यासाठीही उरली असती. मी उभी राहिले. मागे एक माणूस खिळ्यांसाठी खोळंबला होता.

"अख्खं बंडल द्या," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा बाबा शटरपाशी होते. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि ती खाली ओढली गेली तसा त्यांचा हातही खाली गेला. वजन त्यांना अजून कळतं. त्यांनी बंडल बाहेर काढून दोन्ही तळहातांवर तोललं. अर्धा किलो. एवढ्यात सहाशे डूल होतात. हे गणित मला जमतं, तर त्यांना कसं नाही जमणार.

"पंधराला एवढी?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते बराच वेळ बंडलाकडे बघत होते. मग त्यांनी ते चौथ्या खिळ्याला अडकवायचा प्रयत्न केला. खिळा सापडायला त्यांना तीनदा चाचपावं लागलं, आणि मी मदतीला गेले नाही. अडकलं तेव्हा ते बाजूला झाले. मला आत जायला वाट करून द्यायला कपाटाला पाठ लावून उभे राहिले. मी खुर्चीत बसले, पक्कडीची फाटलेली पट्टी बदलली आणि पहिली तार कापली.